ताबा आणि सांभाळ



आजचा विषय शाळेच्या व्यासपीठावर सहसा येत नाही. आईवडील विभक्त होतात, तेव्हा अल्पवयीन मुलांचे काय होते? मी कायद्याचा अभ्यासक नव्हे. जन्मभर शब्द शिकवीत आलो. म्हणून शब्दांच्याच वाटेने या प्रश्नाकडे जातो.

विवाह मोडण्याला मराठीत तीन शब्द रूढ आहेत. 'काडीमोड' हा लोकव्यवहारातला, काडी मोडून संबंध तुटल्याची खूण करणारा. 'सोडचिठ्ठी' कागदाची. 'घटस्फोट' मूळचा धर्मशास्त्राचा, पतिताला वाळीत टाकण्याच्या विधीतून आलेला. या तिन्हींत पतिपत्नी आहेत; मूल एकातही नाही. मुलासाठी न्यायालयाच्या मराठीने जो शब्द उचलला, तो 'ताबा'. ताबा शेताचा असतो, कुळागराचा असतो, घराचा असतो. तो एकाकडे गेला की दुसऱ्याचा संपतो. हाच अर्थ नकळत मुलालाही चिकटतो.

गोव्याला या बाबतीत मोठा इतिहास आहे. पोर्तुगालमध्ये ५ ऑक्टोबर १९१० रोजी प्रजासत्ताक आले आणि अवघ्या महिन्याभरात, ३ नोव्हेंबरला, घटस्फोटाचा कायदा झाला. भारतात हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला आणि त्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची सोय १९७६ साली झाली. आपल्याकडचा कायदा ती आधीच देत होता. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने जुने कायदे चालू राहिले. संमतीने विभक्त होणाऱ्यांनी मुलांविषयीचा करारही न्यायालयापुढे ठेवावा, ही त्या कायद्यातील दूरदृष्टी. मात्र भांडून घेतलेल्या घटस्फोटात, ज्याच्या बाजूने निकाल लागेल त्याच्याकडे शक्यतो मुले सोपवावीत, असेही त्यात म्हटले होते. म्हणजे मूल हे जिंकणाऱ्याचे बक्षीस!

पुढे न्यायाची दृष्टी बदलली. मुले ही आईवडिलांची मालमत्ता नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली बजावले. २०१५ साली गोव्यातूनच गेलेल्या एका प्रकरणात, पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे आणि ती अयोग्य आहे असे म्हणणाऱ्या पित्याने ते सिद्ध करावे, असे त्याच न्यायालयाने सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात भारत १९९२ साली सहभागी झाला. आईवडील वेगळे राहत असले तरी दोघांशीही नियमित संबंध ठेवण्याचा मुलाचा हक्क त्या कराराने मान्य केला. त्याच्या हिताला बाध येत असेल तेवढाच अपवाद. 'भेटीचा हक्क' आपण बापाचा किंवा आईचा समजतो. वस्तुतः तो मुलाचा आहे.

आता पेडणे-डिचोलीकडे पाहू. आपल्या सोयरिकी बांदा, सावंतवाडी, दोडामार्गापर्यंत पसरलेल्या. माहेरी परतलेली आई राज्याची हद्द ओलांडते. तिकडे विवाहाचा कायदा वेगळा. मूल मात्र एकच, त्याची शाळा एकच. करारात 'महिन्यातून दोन रविवार' लिहिलेले असते. पण चतुर्थीला माटोळी बांधायला ते कोणत्या घरी असेल? लईराईच्या जत्रेला कोणाचा हात धरून जाईल? पेडण्याची पुनाव कोणाबरोबर पाहील? हे कोणी लिहीत नाही, आणि दरवर्षी नेमक्या त्याच दिवशी दोन घरांत वाद पेटतो. एकदा 'माझी सुट्टी' या विषयावर एका विद्यार्थ्याने मला दोन निबंध दिले. एक आईला दाखवायचा, एक वडिलांना. भाषा दोन्हींत शुद्ध होती. मी गुण दिले. पण त्या मुलाने दोन सुट्ट्या जगण्याचे ओझे किती वाहिले असेल, ते गुणांत मावणारे नव्हते.

म्हणून माझी विनंती साधी आहे. ज्यांच्यावर ही वेळ येईल, त्यांनी करारात सणवार, आजारपण, शाळेचा खर्च आणि आजीआजोबांकडचे जाणेयेणे आधीच स्पष्ट लिहावे. मुलाला निरोप्या करू नये. त्याच्या तोंडून दुसऱ्या घराची बातमी काढू नये. जिथे मारहाण किंवा धाक असेल तिथे मुलाची सुरक्षितता प्रथम, भेट नंतर. शिक्षकांनी प्रगतिपुस्तक दोघांनाही दाखवावे, वर्गात 'तुझे बाबा कुठे?' असे विचारू नये. आणि आपण शेजारीपाजारी, आपण त्या मुलाला 'बिचारे' म्हणणे सोडावे.

गोव्यात विवाहाची नोंद निबंधकाच्या दप्तरात होते आणि तो मोडला की तेथे तसा शेरा पडतो. मुलाच्या जन्मनोंदीत मात्र आई आणि वडील, दोघांचीही नावे तशीच राहतात. विवाह संपतो, मातृत्व आणि पितृत्व संपत नाही, हे ते जुने दप्तर निमूटपणे सांगत असते. 'ताबा' हा शब्द आपण जमिनीसाठी ठेवू या. मुलासाठी आपल्या भाषेत 'सांभाळ' हा किती चांगला शब्द आहे! ताबा एकाचाच असतो. सांभाळ दोघांनाही करता येतो.