गावाची सुरक्षितता आणि चिरस्थायी विकास
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनातील भाषण)



सुरक्षितता म्हटले की सरहद्दीवरील जवान अथवा गस्त घालणारा पोलीस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु ज्या गावची विहीर माघातच आटते, ते गाव सुरक्षित कसे म्हणावे? पाणी आटले की आईबाप ऊसतोडीस जातात आणि आपल्या पटावरील मुले वर्गातून दिसेनाशी होतात, हे आपणांस सांगावयास नको.

पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागविणे म्हणजे चिरस्थायी विकास, ही व्याख्या ब्रुंटलंड आयोगाच्या १९८७ च्या अहवालाने रूढ केली. त्याच अहवालात शांतता, सुरक्षितता, विकास व पर्यावरण यांचा एकत्र विचार करणारे एक स्वतंत्र प्रकरण आहे.

याचे प्रत्यंतर अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी येते. हा मुलूख अवर्षणाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर डोंगर उघडे पडले, माणसे मजुरीसाठी परगावी गेली, गावात दारू व तंटे माजले. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने श्रमदान केले, डोंगरउतारावर समतल चर खणले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व नशाबंदी पाळली.

तथापि, चर पुष्कळ गावांनी खणले आहेत. हिवरे बाजारने त्यापुढे जाऊन स्वतःवर निर्बंध घातला. शेतीसाठी कूपनलिका खोदावयाची नाही आणि ऊस, केळी यांसारखी तहानलेली पिके घ्यावयाची नाहीत, असे ठरविले. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. पहिला हक्क माणसांच्या व गुराढोरांच्या पिण्याचा. उरेल त्या मानाने पिके ठरतात.

आपल्या शेतातील पाण्यावर असे बंधन शेतकरी का मान्य करतो? शेजारीही ते पाळील, अशी त्याला खात्री असते म्हणून. ही खात्री म्हणजेच गावाची खरी सुरक्षितता होय. ती नसेल तेथे जो तो शेजाऱ्याच्या भयाने अधिक खोल खोदतो आणि अखेरीस सर्वांच्याच विहिरी कोरड्या पडतात. उलटपक्षी, घोटभर पाण्यासाठी भांडावे लागते तेथे परस्परविश्वासही फार दिवस टिकत नाही.

या कामी शाळेचा वाटा लहान नाही. अंगणात एक पर्जन्यमापक बसवावा. मुलांनी रोजचा पाऊस फळ्यावर लिहावा आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली दरमहा विहिरीची पातळी नोंदवावी. एका हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. मग ४०० मिलिमीटरांचे किती, हे गणित मुलेच सोडवितील. उत्तर ४० लक्ष लिटर येताच, 'एवढे पाणी जाते कोठे?' असेही ती विचारतील. त्या नोंदी वर्षातून एकदा ग्रामसभेत मुलांकडूनच वाचवून घ्याव्यात. पाण्यावरून वाद होतो तेव्हा ज्यावर दोन्ही पक्षांचा विश्वास बसेल असा आकडा गावापाशी असणे फार मोलाचे असते.

येत्या मृगापूर्वी प्रत्येक शाळेने एवढा आरंभ करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.