आधी ऐकणाऱ्यांत बसा



मिशनरी आपल्या जिल्ह्यात कसे आले, शाळा-दवाखाने कसे निघाले, ते तुम्हा शेवगावकरांना सांगायला नको. हरेगावची मतमाउलीची यात्राही तुमच्या पाहण्यातली आहे. मी एकच आग्रह घेऊन आलो आहे. परक्या मुलखात धर्म सांगायला निघालेल्या माणसाला पहिली दोन वर्षं व्यासपीठावर चढूच देऊ नये. सतरंजीवर बसवावं.

फादर थॉमस स्टीफन्सच पाहा. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं १६१६ साली. मधली ३७ वर्षं बहुतेक तिथल्या साष्टी भागातल्या गावांत गेली. नव्या पाद्र्यांना शिकता यावं म्हणून त्यांनी कोकणीचं व्याकरण लिहिलं; ते त्यांच्या मागे, १६४० साली राचोलला छापलं गेलं. धर्माची प्रश्नोत्तरं त्यांनी कोकणीत दिली, पुराण मात्र मराठीत रचलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. घरात शिकवायचं ते घरच्या बोलीत आणि चार माणसांत बसून ऐकायचं ते पुराणाच्या मराठीत, ही तिथल्या लोकांची रीत होती. ती त्यांना रोमच्या वर्गात कोण शिकवणार होतं?

इथे जरा थांबतो. पुराणाच्या आरंभी एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्यांपुढे उभा राहून विचारतो : आमची जुनी पुराणं तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? विचार करा, सत्ता पोर्तुगिजांची, आणि हा माणूस मागणी करतो! आपल्याकडेही श्रोता असाच असतो. कीर्तनकार पटला नाही, की मागच्या रांगेत तंबाखू मळायला सुरुवात. (हशा) हसू नका, तीच त्याची परीक्षा असते. स्टीफन्स त्या परीक्षेला बसले. आणि त्याच काळात, १५९९ पर्यंत, इथे गोदावरीपलीकडे पैठणला नाथमहाराज होते. जोशी, वाघ्या, गोंधळी यांची बोली भारुडांत उतरली, कारण नाथांनी ती कान देऊन ऐकली होती.

चिठ्ठी आली आहे : ‘धर्मांतराच्या जबरदस्तीचं काय?’ विचारलंत हे बरं केलंत. साष्टीत १५६७ साली देवळं पाडली गेली. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं. हे झाकून मी स्टीफन्सची थोरवी सांगणार नाही. मी इथे कुणाची वकिली करायला आलेलो नाही. पण त्याच गोव्यात १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढलं, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावं. एकाने लोकांची भाषा शिकण्यात आयुष्य घातलं, दुसऱ्याने ती बंद करायला निघालेल्या कागदावर सही केली. दोघे एकाच राज्यातले. माझा आग्रह पहिल्याच्या बाजूने आहे. (टाळ्या)

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. केंदळला १९०३ साली फादर डोरिंग या जर्मन जेझुइटांनी ‘निरोप्या’ मासिक काढलं, त्यावर बोलायचं राहिलं, पुन्हा कधीतरी. फादर हर्मन बाखर यांच्या पाणलोटाच्या कामावर तर वेगळं व्याख्यान लागेल.

आता शेवटचं. आजचा मिशनरी युरोपातून येत नाही. १९५५ साली कँडीहून पुण्यात आलेल्या पेपल सेमिनरीत देशभरातली मुलं शिकतात. केरळचा किंवा झारखंडचा तरुण मराठी खेड्यात येतो, तेव्हा तोही परकाच असतो. माझी सूचना साधी आहे. तुमच्या गावातल्या हरिनाम सप्ताहाचं निमंत्रण या मुलांना द्या. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासं इथून जवळ आहे, तिथेही न्या. त्यांच्याकडून प्रवचन मागू नका. सात दिवस ऐकू द्या, पंगतीत जेवू द्या, आणि आठव्या दिवशी विचारा, काय कळलं? उत्तर देता आलं, तर पुढच्या वर्षी मी स्वतः त्यांचं प्रवचन ऐकायला शेवगावला येईन.