छापण्याआधीचा प्रश्न

(आकाशवाणीवरील भाषण)



१९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ आली होती. डेंग्यू आणि चिकुनगुन्या, दोन्ही त्या साथीत होते. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासायला घेतले. त्यांतल्या दोन रुग्णांच्या रक्तात या दोहोंपैकी कशाशीच न जुळणारा एक विषाणू निघाला. नागपूरच्या चांदीपुरा भागावरून त्याला चांदीपुरा हे नाव पडले. भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी त्यावर शोधनिबंध लिहिला आणि तो १९६७ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या नियतकालिकात छापून आला.

आता संपादकाच्या खुर्चीतून हा निबंध बघा. रुग्ण दोन. लक्षण म्हणजे ताप. हा विषाणू माणसाला कितपत त्रास देईल, हे कोणालाच सांगता येत नव्हते. जागा नाही म्हणून निबंध परत केला असता, तर त्या वेळी कोणी तक्रारही केली नसती. पण तो छापला गेला. विषाणू प्रयोगशाळेत कसा वाढतो, कोणत्या प्राण्यांवर काय परिणाम करतो, इतर ज्ञात विषाणूंपासून वेगळा कसा ओळखायचा, हे नोंदले गेले.

पुढे २००३ साली आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची भयंकर साथ आली. ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. सकाळी खेळणारे मूल दुसऱ्या दिवशी नाही, असा तो वेग. महाराष्ट्रातही त्या वर्षी हा आजार दिसला. पुण्यातल्या शास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे विषाणू दिसले. माणसाला आजारी पाडणारे या आकाराचे विषाणू मोजकेच. त्यांतला आपल्याकडचा कोणता, हे शोधताना उत्तर आले चांदीपुरा. छत्तीस वर्षांपूर्वी ज्याची नोंद झाली होती, तोच. ती नोंद आणि जपून ठेवलेला तो विषाणू हाताशी नसता, तर ओळख पटायला किती वेळ गेला असता, याचा विचारही नकोसा वाटतो.

मी आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. आज 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या नियतकालिकाच्या वाटचालीविषयी बोलायचे मुद्दाम ठरवले, कारण औषधे, लसी, शस्त्रक्रिया यांच्याबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. पण त्यांच्यामागचे ज्ञान जिथे तपासून नोंदले जाते, त्या जागेबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

इंग्रजांच्या काळात, १९११ साली, वैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवण्यासाठी इंडियन रिसर्च फंड असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिच्यातर्फे १९१३ साली हे नियतकालिक सुरू झाले. सुरुवातीला ते वर्षातून चारदा निघे. लिहिणारे बहुतेक लष्करी वैद्यकसेवेतले गोरे अधिकारी. विषय हिवताप, पटकी, काळा आजार, प्लेग. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, त्या जुन्या संस्थेची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद झाली. आपण तिला आयसीएमआर म्हणतो. नियतकालिक तिच्याकडे आले. १९५८ पासून ते दर दोन महिन्यांनी आणि १९६४ पासून दरमहा निघू लागले. १९९० च्या सुमारास निबंध इतके वाढले होते, की काही वर्षे संसर्गजन्य रोगांचा एक भाग आणि बाकी संशोधनाचा दुसरा, असे दोन भाग वेगवेगळे काढावे लागले. २०१३ साली त्याला शंभर वर्षे झाली.

ही झाली आकड्यांतली वाढ. माझ्या दृष्टीने खरी प्रगती जुन्या खंडांच्या आत आहे.

मुंबईचेच एक उदाहरण सांगते. १९२८ साली लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणगावातल्या गरीब बायकांना गरोदरपणात एक विचित्र रक्तक्षय होत असे. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोहाने फरक पडत नसे आणि कित्येकींचा त्यात जीव जाई. परळच्या हाफकीन संस्थेत विल्सबाईंनी कामाला सुरुवात केली. त्यांच्या बरोबरीने काम करणारे मेहता आणि तळपदे हे इथलेच डॉक्टर. १९३० साली या अभ्यासाचे भाग एकामागून एक 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये आले. त्यांतला एक तळपद्यांच्या बरोबरचा, मुंबईतल्या बायकांचा आहार आणि राहणी यांची पाहणी. घरोघरी काय शिजते, कोणाच्या वाट्याला काय येते, अशा गोष्टी संशोधनाचा विषय म्हणून तपशीलवार मांडल्या जात होत्या. १९३० साली!

आणखी एक भाग उंदरांवरच्या प्रयोगांचा. निकस खाणे दिलेल्या पांढऱ्या उंदरांना रक्तक्षय झाला. वाटले, माणसातला आजार प्रयोगशाळेत सापडला. पण उंदरांच्या अंगावर उवा होत्या, त्यांच्यामार्फत पसरणारा बार्टोनेला नावाचा जंतू होता, आणि रक्तक्षयात त्याचाही हात होता. उंदरांची ती वाट पुढे फारशी कामाची ठरली नाही. मग माकडांवर प्रयोग झाले, आणि यीस्टचा काळपट अर्क, मार्माइट, दिल्यावर रुग्ण बायका बऱ्या होऊ लागल्या. हा मोठा निष्कर्ष १९३१ साली लंडनच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये गेला आणि विल्सबाईंचे नाव झाले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फॉलिक ॲसिड, हे पुढच्या दशकात स्पष्ट झाले. आज आपल्या लेकीसुनांना गरोदरपणात ज्या गोळ्या देतात, त्यांचा हा उगम.

यश लंडनला छापले गेले, हे खरे. त्याच्या आधीची पाहणी, मोजणी आणि फसलेली वाट मात्र इथल्या पानांवर आहे. विद्यार्थ्यांना मी दोन्ही वाचायला लावत असे, आणि आधी इथले. संशोधन कसे चालते हे त्यातून जास्त कळते.

काळ्या आजाराचीही हकिगत अशीच आहे. वाळूमाशीमुळे तो पसरतो असा संशय पुष्कळ जुना होता. पण सिद्ध होत नव्हते. माशी रुग्णाचे रक्त प्यायची आणि दुसऱ्याला चावण्याआधीच मरून जायची. १९४० च्या सुमारास स्मिथ, हलदार आणि अहमद यांनी या नियतकालिकातून कळवले, की एकदा रक्त प्यायल्यावर माशीला पुन्हा रक्त न देता मनुका चोखायला दिल्या, तर ती जास्त दिवस जगते आणि तिच्यात परजीवी भरपूर वाढतात. साध्या मनुका! त्याच युक्तीच्या बळावर स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ साली माशीच्या चाव्यातून माणसाला हा आजार होतो हे दाखवून दिले. तोही निबंध इथेच आला. एका गटाने छापलेली बारीकशी युक्ती दुसऱ्या गटाने वाचली आणि वर्षानुवर्षे अडलेले काम पुढे सरकले. सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी, कोणालाही मागता येईल आणि ताडून बघता येईल अशी ती नोंद होती, म्हणून हे घडले.

तो १९४२ चा प्रयोग स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर केला होता. आज तसे हस्तलिखित आले, तर संपादक निष्कर्ष वाचण्याआधी विचारेल: नैतिकता समितीची परवानगी कुठे आहे? त्या माणसांना काय सांगितले, कोणत्या भाषेत सांगितले, त्यांची संमती कशी घेतली? नव्या औषधाची चाचणी असेल, तर २००७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नोंदवहीत ती आधी नोंदली होती का? चाचणी आधी नोंदली, की पुढे निकाल मनासारखा आला नाही म्हणून ती गुपचूप गुंडाळून ठेवता येत नाही. संपादनातला हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

मनासारखा न आलेला निकाल म्हटले, की मला चिंगलपेटची चाचणी आठवते. तमिळनाडूच्या त्या जिल्ह्यात १९६८ पासून बीसीजी लशीची प्रचंड चाचणी झाली. अडीच लाखांहून जास्त माणसे तिच्यात होती. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचा अहवाल १९९९ साली या नियतकालिकात आला. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून लस संरक्षण देत नाही, असा त्याचा निष्कर्ष. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कोणाचा गैरसमज नको: लहान मुलांना होणाऱ्या क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून, मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून, बीसीजी वाचवते, आणि म्हणून ती जन्मतः दिलीच पाहिजे. पण देशाने एवढा खर्च आणि एवढी वर्षे घालून केलेल्या चाचणीचा नकारात्मक निकाल देशाच्याच नियतकालिकाने तपशीलवार छापला, याचा मला अभिमान आहे. मोठ्या माणसांसाठी नवी लस शोधायला हवी, हे त्यामुळे स्वच्छ कळले.

आता हे छापण्याआधी काय घडते ते सांगते, कारण त्याची बाहेर कोणाला कल्पना नसते. निबंध आला की संपादक तो त्या विषयातल्या दोघातिघा परीक्षकांकडे पाठवतो. परीक्षकाला सहसा पैसे मिळत नाहीत, नावही छापले जात नाही. रात्री जेवणखाण आटोपल्यावर हे काम करायचे. मागे एकदा मण्यार चावलेल्या रुग्णांवरचा एक निबंध माझ्याकडे आला होता. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या तरुण डॉक्टरने लिहिलेला, कष्टाने माहिती जमवलेली. पण पहिल्या तक्त्यात रुग्ण जितके होते, त्याहून शेवटच्या तक्त्यात दोन कमी. मी विचारले, हे दोघे कुठे गेले? उत्तर आले, ते डामा झाले, म्हणजे डॉक्टरांचे न ऐकता नातेवाइकांनी घरी नेले. मग त्या डॉक्टरने त्या दोन गावांना जाऊन चौकशी केली. एक जण वाचला होता, एक गेला होता. त्या एका मृत्यूने निबंधातले मृत्यूचे प्रमाण बदलले, आणि रुग्ण घरी का नेतात यावर एक चांगला परिच्छेद त्यात आला. बरे झालेल्यांचेच हिशेब छापत गेलो, तर पुढचा डॉक्टर चुकीच्या भरवशावर उपचार करील.

असा प्रश्न विचारायला वेळ लागतो, आणि घाई तर सगळ्यांना असते. बढतीसाठी निबंध लागतात, म्हणून पैसे घेऊन आठवड्याभरात काहीही छापणारी नियतकालिके निघाली आहेत. त्यांची नावे भारदस्त असतात, परीक्षण नावापुरतेही नसते. माझ्या मते हा रुग्णांशी केलेला अपराध आहे, कारण तिथे छापलेली उपचारपद्धती कोणीतरी खरी मानून वापरतो.

घाई करावीच लागते असे प्रसंगही येतात. ३० जानेवारी २०२० रोजी केरळात करोनाचा देशातला पहिला रुग्ण नक्की झाला. त्याच्या घशातल्या नमुन्यातून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने विषाणूची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची छायाचित्रे घेतली. सत्तर ते ऐंशी नॅनोमीटरचे कण, आणि कडेला ते काटे. काही आठवड्यांतच ती या नियतकालिकात आली आणि कोणालाही मोफत बघता आली. काम वेगाने झाले, पण त्याला हात लावणारे लोक वर्षानुवर्षे तयार झालेले होते.

एक सूचना मी संपादकांना पत्राने केली आहे, तीच इथेही मांडते. निबंध इंग्रजीत असतो आणि तो तसा असायला हरकत नाही. तो जगभर वाचला जायला हवा. पण ज्यांच्या दंडातून रक्त घेतले, ज्यांच्या घरात जाऊन ताटात काय आहे ते विचारले, त्या माणसांना निष्कर्ष कधीच कळत नाही. प्रत्येक निबंधाबरोबर अर्धे पान, जिथे अभ्यास झाला तिथल्या भाषेत छापावे. मेळघाटातला अभ्यास असेल तर मराठीत आणि कोरकूतही. आणि ते अर्धे पान कोणा प्राध्यापकाने नव्हे, तर त्या भागातल्या आशाताईने किंवा शाळेतल्या शिक्षकाने आधी वाचून 'कळले' असे सांगावे, मगच छापावे. मराठी पानांचे काम मी करायला तयार आहे, आणि माझे दोन-तीन जुने विद्यार्थीही तयार आहेत.