गाड्या नसलेली वाट

भाकऱ्या उरकून रेडिओजवळ बसला असाल, तर आज घटकाभर वाटेचं बोलू. डांबरी रस्त्याचं नाही, गावाच्या मागून माळावरून जाणाऱ्या मुरमाच्या पाणंदीचं बोलू. आणि त्या पाणंदीवर चालणाऱ्या सायकलीचं.

मी इंदापूर तालुक्यातली. आमच्याकडे खाली कालवा आणि ऊस, वर माळ. पाऊस झाला की माळावर कुसळी, मारवेल, पवन्या कमरेएवढं वाढतं. पलीकडे वनखात्याची झाडं. त्यांच्या कडेकडेनं आमची जुनी पाणंद पुढच्या गावाला जाते, जिथं हायस्कूल आहे. चार किलोमीटर. डांबरीनं तेच अंतर पाच किलोमीटर पडतं, पण मुली डांबरीनंच जायच्या. कारण पाणंद वेड्या बाभळीनं बुजून गेली होती.

दोन वर्षांमागची गोष्ट. कारखान्याचा हंगाम सुरू होता. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, आणि मोठ्यानं लावलेली गाणी. आमच्या शेजारच्या वहिनींची मुलगी सायकलवर होती. ट्रॉली अंगावरून गेल्यासारखी जवळून गेली, ती साइडपट्टीवरून खाली गेली आणि हात मोडला. हात दोन महिन्यांत जुळला, पण शाळा सुटली. घरचे म्हणाले, "राहू दे आता, रस्ता धड नाही." आणि महिन्याभरात स्थळांची बोलणी सुरू झाली. पोरगी नववीतली!

त्या दिवशी गटाच्या बैठकीत हप्त्याचं बोलणं बाजूला राहिलं. माझ्या सासूबाई कधी बैठकीत बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही डोक्यावर पाटी घेऊन पाणंदीनंच बाजाराला जायचो. तिथं कुठली आली ट्रॉली?"

तिथून आम्ही सुरुवात केली. पहिल्यांदा तलाठ्याकडून गावनकाशा बघितला. तुम्हीही बघा, अवघड नाही. नकाशावर दोन तुटक रेषा म्हणजे गाडीवाट. एक तुटक रेष म्हणजे पायवाट. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात, पायवाटेची सव्वाआठ फूट. आमची पाणंद नकाशावर दोन रेषांची निघाली. म्हणजे आम्ही कुणाची मेहरबानी मागत नव्हतो.

पण एके ठिकाणी आमच्याच भावकीतल्या एका मामंजींनी वाट नांगरून रानात घेतली होती. मामलेदार न्यायालय अधिनियम म्हणून १९०६ सालचा कायदा आहे. वाट अडवली तर त्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हे नीट लक्षात ठेवा. आमची मुदत कधीच निघून गेली होती. मग आम्ही सहाजणी त्यांच्या घरी गेलो आणि मामींजवळ बसलो. चहा झाला. त्यांचीही नात सातवीत. दुसऱ्या दिवशी मामंजी म्हणाले, "गाडीवाट देत नाही. सायकल जाईल एवढी चार फूट सोडतो." आम्ही तेवढी घेतली. आजही त्या तुकड्यावर बैलगाडी जात नाही, ते भांडण मिटलेलं नाही. पण सायकलीला किती जागा लागते हो? चार फूट पुष्कळ झाली.

नंतर विषय महिला ग्रामसभेत मांडला आणि तिथून मोठ्या ग्रामसभेत नेला. तिथं पुरुषमंडळी म्हणाली, "करायचंच तर डांबरी करू." आम्ही म्हणालो, नको. डांबर टाकलं की जवळची वाट म्हणून सगळ्या ट्रॉल्या इकडूनच येतील, मग आमच्या मुलींनी जायचं कुठून? मुरूम टाका, दाबून घ्या, पाणी वाहून जायला कडेनं चर काढा, बास. आता शेताचे एक-दोन ट्रॅक्टर येतात, पण ते ओळखीचे. पोरी दिसल्या की थांबतात. बाभळी आम्ही बायकांनी आणि पोरांनी आठ रविवार तोडल्या. वनखात्याच्या हद्दीत मात्र विचारल्याशिवाय कोयता लावला नाही. तुम्हीही लावू नका.

वाट झाली, तशी माझीच हौस जागी झाली. अडतिसाव्या वर्षी मी सायकल शिकले. आधी लाज वाटली. मग तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याची हकीकत कळली. तिथं १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीनं बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. शीला राणी चुंकत या तिथल्या कलेक्टर होत्या. एक लाखाहून जास्त बायका शिकल्या, असं पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून ठेवलंय. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं म्हणून काहींना त्याच जास्त आवडल्या. शेतमजुरी करणाऱ्या बायांना जमलं, तर मला का जमू नये?

आता मुरमावर सायकल कशी चालवायची, ते सांगते. पडून पडून शिकलेय.

सीट सुरुवातीला खाली ठेवा, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. चाकात हवा अगदी टणक भरू नका. अंगठ्यानं दाबल्यावर जरा दबलं पाहिजे, म्हणजे खड्यांवर चाक उसळत नाही. पण फार कमीही नको, नाहीतर ट्यूब चिमटते. नजर चाकावर नको, दहा-पंधरा पावलं पुढं ठेवा. सुट्ट्या खडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबलात तर तोंडावर पडाल. मागचा आधी, आणि हळूहळू. हँडल आवळून धरू नका. वळण उतारावर नको, वेग कमी करून मग घ्या. पदर खोचा, ओढणी गाठ मारून बांधा, चेनकव्हर असल्याशिवाय साडीवर बसू नका.

बाभळीचा काटा तर ठरलेलाच. पंक्चरची पट्टी, सोल्युशन आणि पंप गटात एक तरी ठेवा. टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढल्याशिवाय ट्यूब बसवू नका, नाहीतर शंभर पावलांवर पुन्हा चाक बसतं. मोठा पाऊस झाला की काळ्या रानातल्या तुकड्यावर जाऊ नका. चिखल मडगार्डमध्ये भरतो आणि सायकल डोक्यावर घ्यायची वेळ येते. धनगराचा कळप दिसला की उतरून चालत जा. कुत्री धावत्या चाकामागं लागतात, चालत्या माणसाच्या सहसा लागत नाहीत. माळावर लांडगा आहे, म्हणून मुलींनी चौघी-पाचजणी मिळून जावं आणि दिवस मावळायच्या आत घरी यावं.

आता सकाळी आमच्या अकरा मुली या वाटेनं जातात. शेजारच्या वहिनींची मुलगीही. एक वर्ष मागं पडली, पण नववीला परत बसली.

आणि मी? मी आठवड्यातून एकदा अंडी घेऊन बाजाराला जाते. श्रावणातल्या सकाळी गवतावर दव असतं, चंडोल वर वर जात गात असतो, कधी चिंकारा मान वर करून बघतो आणि दोन उड्यांत दिसेनासा होतो. मागून हॉर्न नाही, धूर नाही. टायरखाली मुरूम तेवढा करकरतो. लग्नाला वीस वर्षं झाली, पण हा माळ मी असा कधी बघितलाच नव्हता. डोक्यावर ओझं असलं की नजर पायाखालीच राहते ना.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत दोनच कामं करा. तलाठ्याकडं जाऊन गावनकाशावरच्या तुटक रेषा बघून या. आणि घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाईंना, सासूबाईंना विचारा, "तुम्ही बाजाराला कुठून जायचा?" त्यांच्याकडून तुमच्याही गावची एखादी वाट सापडेल. सापडली तर आपल्या केंद्राला कळवा.

येते मी. नमस्कार.