कचरा भाडेकरूचा, घर मालकाचे

गल्लीच्या कोपऱ्यावर, विजेच्या डीपीला टेकून, रात्रीत कोणीतरी कचऱ्याची पिशवी ठेवून जाते. सकाळपर्यंत कुत्र्यांनी ती फाडलेली असते. अंड्यांची टरफले, हॉटेलातून मागवलेल्या जेवणाचे डबे, उरलेला भात, बाटल्या, सगळे रस्त्यावर आलेले असते. पिशवी कुठल्या घरातून आली हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असते. पण विचारायला गेलात तर एकच उत्तर मिळते: "अहो, ते भाड्याचे घर आहे. तिथे कोणाला सांगणार?"

हे उत्तर पुण्यात मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे, की खरी अडचण त्या उत्तरातच आहे असे मला वाटू लागले आहे. सांगायला कोणी नाही, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सांगायला माणूस असतो, आपण त्याच्यापर्यंत जात नाही. म्हणून आज बोलायचे आहे ते त्या माणसाबद्दल, म्हणजे घरमालकाबद्दल, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायच्या वाटांबद्दल.

आधी हे पाहू, की भाड्याच्या घराचा कचरा रस्त्यावर येतो कसा. पुण्यात कचरा दारावरून उचलला जातो. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 साली उभी राहिली. तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि 2008 साली पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. तेव्हापासून शहराच्या मोठ्या भागात 'स्वच्छ'च्या ताई सकाळी घरोघर जातात, ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा घेतात, आणि घरटी महिन्याला ठरलेले शुल्क घेतात. या व्यवस्थेचा पुण्याने अभिमान बाळगावा. पण ती चालायला तीन गोष्टी लागतात. सकाळी दार उघडणारे कोणी हवे, घरात दोन डबे हवेत, आणि ताईंचे पैसे कोण देणार हे ठरलेले हवे.

आता कॉट बेसिसवर दिलेला एखादा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. सहा मुले राहतात. दोघे रात्रपाळी करून पहाटे येऊन झोपतात, दोघे सातलाच क्लासला निघून जातात. प्रत्येक जण आपल्या कॉटचे भाडे देतो, त्यामुळे घरातला कचरा कोणा एकाचा नसतो. मालकाने कॉट दिल्या, गीझर दिला, वायफाय दिले, पण दोन डबे दिले नाहीत. एजंटने दलाली घेतली, किल्ली दिली, पण ताई किती वाजता येतात हे सांगितले नाही. पहिल्या महिन्यात शुल्क कोणी दिले नाही, की ताईंना त्या दारी काय बोलावे ते कळत नाही आणि मुलांना पुन्हा त्यांच्यासमोर जायला अवघड वाटते. मग पिशवी भरते, वास सुटतो, आणि रात्री उशिरा कोणीतरी ती खाली नेऊन कोपऱ्यावर ठेवतो.

यात बेफिकिरी आहेच, ती मी नाकारत नाही. पण या बेफिकिरीला जागा करून दिली ती मालकाने. अकरा महिन्यांचा करार संपला की ही मुले जातात, दुसरी येतात आणि तोच कोपरा पुन्हा भरतो. भाडेकरू बदलत राहतो. घर तिथेच राहते आणि मालकही तोच राहतो. म्हणून तक्रारीचा पत्ता मालकाचा असला पाहिजे.

हा प्रश्न नुसत्या वासाचा नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. गच्चीवर टाकलेला टायर, नारळाची करवंटी, प्लास्टिकचा पेला, एवढे पाणी त्याला पुरते. अंड्यातून डास बाहेर पडायला आठवडा-दहा दिवस लागतात. अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पुढच्या पावसात पुन्हा जागी होतात. म्हणजे शेजारच्या बंद बाल्कनीतल्या भंगारामुळे ताप चढतो तो आपल्या घरातल्या पोराला. आणि ज्या ताई रस्त्यावरचा तो ढीग हाताने वेगळा करतात, त्यांच्या बोटांना फुटलेली काच लागते, त्यांना वापरलेले सॅनिटरी पॅड उचलावे लागतात. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढी साधी मागणी त्या कित्येक वर्षे करत आहेत.

मग करायचे काय? पायरी पायरीने सांगतो.

पहिली पायरी, बोलणे. मुले घरी असतील अशा वेळी जा, रविवारी दुपारी किंवा संध्याकाळी. एकट्याने जा, घोळका घेऊन जाऊ नका. भांडायला आलात असे त्यांना पहिल्या वाक्यालाच वाटले तर पुढचे काही ऐकले जात नाही. नाव विचारा, गाव विचारा. मग नेमके सांगा: ताई अमुक वाजता येतात, ओला कचरा या डब्यात, सुका त्या डब्यात, महिन्याचे पैसे इतके, आणि घरी कोणी नसेल तर डबे दाराबाहेर इथे ठेवा. मुले बिहारची किंवा आसामची असतील तर हे हिंदीत एका कागदावर लिहून द्या. लातूर-नांदेडहून आलेल्या मुलालाही पुण्याची ही पद्धत आपोआप कळत नाही, त्यालाही सांगावे लागते. बऱ्याच घरांचा प्रश्न इथेच सुटतो, कारण त्यांना हे आजवर कोणी सांगितलेलेच नसते.

एवढ्याने भागले नाही तर दुसरी पायरी, मालक. तो मुंबईत असो, दुबईत असो की अमेरिकेत, त्याचे नाव कागदावर असते. महापालिकेच्या मिळकतकराच्या नोंदीत असते. सोसायटी असेल तर सभासदांच्या नोंदवहीत असते. नोंदणी केलेल्या दस्ताची सूची क्रमांक दोन सरकारच्या नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. मालकाला लेखी कळवा. तारीख घाला, फोटो जोडा, काय हवे ते एका वाक्यात लिहा. "तुमच्या भाडेकरूंनी वैताग आणला आहे" या वाक्यावर मालकाला काहीच करता येत नाही. "या घरात दोन डबे ठेवा, कचऱ्याचे शुल्क तुम्ही भरा, आणि पंधरा दिवसांत बाल्कनीतले भंगार हलवा" असे लिहिले की त्याला हो किंवा नाही म्हणावे लागते.

लेखी का, तेही सांगतो. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे भाडेकरूचे वागणे हे घर परत मिळवण्याचे एक कारण मानलेले आहे. ते वापरायचा हक्क मालकाला आहे, शेजाऱ्याला नाही. पण तुमचे तारीखवार पत्र हाती नसेल तर मालक दाखवणार काय? त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जो मालक "माझा काही संबंध नाही" म्हणतो, त्याला करार नोंदवला आहे का एवढे विचारा. संबंध आहे हे त्याला लगेच आठवते.

तिसरी पायरी, सोसायटी. घर भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला कळवायचे असते, कराराची प्रत द्यायची असते. मालक स्वतः राहत नसलेल्या घरासाठी सोसायटी बिनभोगवटा शुल्कही घेते, सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त दहा टक्के. मग त्या फ्लॅटची सकाळची कचऱ्याची सोय लावून देणे हे समितीचे कामच आहे. नव्या भाडेकरूला गेटवर अर्ज भरायला लावता, त्याच्या पाठीमागे कचऱ्याच्या वेळा छापायला किती खर्च येतो?

चौथी पायरी, महापालिका. घराच्या आवारात किंवा मोकळ्या प्लॉटवर ढीग साठला असेल तर क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. महापालिका मालकाला नोटीस देऊ शकते. त्याने साफ केले नाही तर स्वतः साफ करून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा रस्त्यावर, गटारात, नदी-नाल्यात टाकायला, पुरायला आणि जाळायला मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये भरपाई लावण्याचा आदेश दिला. तेव्हा शेजाऱ्याचा ढीग वैतागून पेटवून देऊ नका. त्याचा अपराध राहील बाजूला आणि दंड तुमच्या नावावर लागेल.

आणि महापालिकाच हलली नाही तर? मध्य प्रदेशातल्या रतलामची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. तिथल्या एका वस्तीतले लोक उघडी गटारे, घाण आणि दुर्गंधी यांनी हैराण झाले होते. ते दंडाधिकाऱ्याकडे गेले. कायदा होता फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133, सार्वजनिक उपद्रव हटवण्याचे. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेला काम करायला सांगितले. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1980 साली न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, की पैसे नाहीत हे सांगून नगरपालिकेला आपले कर्तव्य टाळता येणार नाही. ही लढाई वस्तीतल्या साध्या रहिवाशांनी जिंकली. ते कलम आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 152 क्रमांकाने आहे. शेवटचा उपाय म्हणून ते तुमच्याही हाती आहे.

आता काय करू नये, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. कचरा उचलून त्यांच्या दारात ओतू नका. पाणी बंद करू नका. अत्यावश्यक सोयी तोडायचा अधिकार कायद्याने खुद्द मालकालाही दिलेला नाही. मुलींच्या खोलीचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे, "यापुढे बॅचलरना घर नाही" असा ठराव करू नका. अविवाहितांना घर देऊ नये असे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत कुठेही लिहिलेले नाही. एका फ्लॅटची शिक्षा हजारो मुलामुलींना देणे हा अन्याय आहे. आपलीही मुले बंगळुरूला, हैदराबादला कोणाच्या तरी भाड्याच्या घरात राहतात. त्यांच्याकडे तिथल्या शेजाऱ्यांनी संशयाने पाहावे असे आपल्याला वाटत नाही. शिवाय अशा ठरावाने कचरा थांबत नाही. जिथे मालक बेपत्ता आहे तिथे चौकोनी कुटुंब राहायला आले तरी कोपरा भरतोच.

हे भाषण काही घरमालकही ऐकत असतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. करारात कचऱ्याचे एक कलम घाला. शुल्क भाड्यातच धरा आणि ताईंना तुम्ही स्वतः द्या. दोन डबे घरात ठेवा. गावात राहत नसाल तर शेजाऱ्यांना ज्याला फोन करता येईल अशा एका माणसाचे नाव आणि नंबर सोसायटीत देऊन ठेवा. दर तीन महिन्यांनी आधी कळवून घर पाहून या. भाडे खात्यात जमा झाले की आपले काम संपले, असे नसते. घर तुमचे आहे, आणि त्या घरापासून होणाऱ्या त्रासाचे उत्तर द्यायलाही तुम्हीच बांधील आहात.

भाडेकरू मुलामुलींनो, तुम्हालाही एक सांगायचे आहे. मे-जूनमध्ये घरे बदलतात तेव्हा शहरभर कोपऱ्याकोपऱ्यांवर जुन्या गाद्या, मोडक्या खुर्च्या, बादल्या पडलेल्या दिसतात. रोजच्या कचऱ्याबरोबर गादी उचलली जात नाही. पावसात भिजली की ती महिना महिना तिथेच कुजते. घर सोडायच्या आठ दिवस आधी 'स्वच्छ'च्या ताईंना विचारा. जुन्या सामानासाठी त्यांची संस्था वेगळा संकलनाचा उपक्रम चालवते. वापरण्याजोगी गादी नव्याने येणाऱ्या मुलाला देऊन जा, त्याचेही पैसे वाचतील.

श्रोतेहो, तुमच्या गल्लीत अशी भाड्याची घरे किती आहेत, आणि त्यांपैकी किती घरांच्या मालकांची नावे तुम्हाला माहीत आहेत, हे या रविवारी मोजून पाहा. जी माहीत नाहीत ती सोसायटीकडून किंवा कर कार्यालयातून मिळवा, आणि कचरा साठायच्या आधीच त्या मालकांना एकदा फोन करा. ओळख आधी झाली असेल तर तक्रार करायची वेळ आली तरी ती ऐकून घेतली जाते. आणि आपलाच एखादा फ्लॅट दुसऱ्या शहरात भाड्याने दिलेला असेल, तर पहिला फोन तिथल्या शेजाऱ्यांना करा.