कुटुंब-परिचारिका : शोध कुणाचा, जबाबदारी कुणाची?



अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील ग्राहक बाजारात जातो, मालाची पारख करतो, भाव विचारतो आणि मग खरेदी करतो. आरोग्यसेवेला हे चित्र लागू पडत नाही, असे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली एका गाजलेल्या लेखात दाखवून दिले. आजार केव्हा येईल हे रोग्याला ठाऊक नसते. आणि तो आल्यावर कोणता उपचार योग्य, हे घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यालाच अधिक कळते. असे असूनही अमेरिकेसारख्या संपन्न देशाने पहिल्या पायरीच्या उपचारासाठी माणूस शोधत फिरण्याचे काम रोग्यावरच टाकले आहे. तेथे जिला ‘फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणतात, त्या कुटुंब-परिचारिकेच्या शोधाची हकीकत म्हणूनच इथल्या कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखी आहे.

या संस्थेचा जन्म बाजारात झालेला नाही, तो अभावातून झाला आहे. केंटकी राज्याच्या डोंगराळ मुलखात, जेथे रस्ते नव्हते आणि डॉक्टर फिरकत नव्हते, तेथे मेरी ब्रेकिनरिज या परिचारिकेने १९२५ साली सेवा उभी केली. तिच्या सहकारी परिचारिका घोड्यावर बसून ओढे ओलांडीत आणि घरोघरी बाळंतपणे करीत. पुढे १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने परिचारिकांना तपासणी, निदान व उपचार यांचे पुढचे शिक्षण देणारा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. त्याच वर्षी वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या सरकारी योजनांचा कायदा झाला. उपचाराचा हक्क मिळालेल्यांची संख्या एकाएकी वाढली. उपचार करणारे हात मात्र तेवढेच राहिले. ती तूट भरून काढण्याच्या कामी ही परिचारिका उपयोगी पडली.

आज अमेरिकेत अशा परवानाधारक परिचारिका साडेतीन लाखांहून अधिक आहेत आणि त्यांत कुटुंब-परिचारिकांचाच भरणा मोठा आहे. नोंदणीकृत परिचारिका झाल्यावर पदव्युत्तर शिक्षण, त्यानंतर राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा आणि मग राज्याचा परवाना, असा हा क्रम आहे. तान्ह्या मुलापासून आजोबांपर्यंत साऱ्या घराची ताप-खोकला, रक्तदाब, मधुमेह, लसीकरण यांची नित्याची देखभाल ती करते, औषधे लिहून देते आणि जे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे ते वेळीच डॉक्टरकडे पाठवते.

ही दुय्यम दर्जाची सेवा आहे काय? न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात १,३१६ रोग्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे परिचारिका आणि डॉक्टर यांच्यात करण्यात आली. दोघांनाही सारखेच अधिकार देण्यात आले होते. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांतील रोग्यांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. तो प्राथमिक उपचारापुरताच आहे, याचे भान अर्थातच ठेवले पाहिजे. गुंतागुंतीच्या आजारात डॉक्टरला पर्याय नाही, आणि कोणतीही जबाबदार परिचारिका तसा दावाही करीत नाही.

तथापि गुणवत्ता सिद्ध झाली म्हणजे अधिकार मिळतोच असे नाही. निम्म्याहून अधिक राज्यांनी या परिचारिकांना स्वतंत्रपणे काम करण्याची मुभा दिली आहे. टेक्साससारख्या राज्यात मात्र औषध लिहून देण्यासाठी डॉक्टरशी लेखी करार असावा लागतो, आणि अशा करारांसाठी पैसे मोजण्याची प्रथा अनेक ठिकाणी रूढ आहे. श्रम एकाचे आणि परवान्याच्या मक्तेदारीवर मिळणारा खंड दुसऱ्याचा, हा व्यवहार शेतीच्या प्रश्नावर काम केलेल्यांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. मेडिकेअरने १९९७ च्या कायद्यान्वये परिचारिकेला स्वतःच्या नावाने मोबदला देऊ केला, परंतु तो डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के. तेच काम विशिष्ट अटींखाली डॉक्टरच्या नावावर दाखवले की दर पूर्ण! याचा परिणाम असा की, परिचारिकेने केलेले कितीतरी काम हिशेबाच्या वहीत परिचारिकेचे म्हणून दिसतच नाही.

अशा व्यवस्थेत सामान्य कुटुंबाने परिचारिका शोधायची कशी? तिचा परवाना चालू आहे की नाही, हे राज्याच्या परिचर्या मंडळाकडे विनामूल्य पडताळता येते. तिची परीक्षा कुटुंबसेवेची आहे की अन्य एखाद्या शाखेची, हेही पाहावे लागते. परंतु खरी अडचण यानंतर सुरू होते. आपली विमा कंपनी तिला मान्यता देते काय? ती नवे रोगी घेते काय? रात्री-अपरात्री दूरध्वनी कोण उचलणार? तिने पुढे पाठवायचे ठरवले तर कोणत्या रुग्णालयात? नोकरी बदलली की विमा बदलतो, आणि विमा बदलला की वर्षानुवर्षे घर ओळखणारी परिचारिका परकी होते. विमा नसलेल्याच्या वाट्याला तर हा शोधही येत नाही. तो दुखणे अंगावर काढतो आणि अखेरीस तातडीच्या विभागात दाखल होतो.

ही उणीव बाजार भरून काढील, असे सांगणारे तेथेही होते. वॉलमार्ट या बलाढ्य कंपनीने आपल्या दुकानांलगत स्वस्त दरातील आरोग्य केंद्रे थाटली, आणि हा धंदा किफायतशीर नाही असे सांगून २०२४ साली पाच राज्यांतील आपली सर्व ५१ केंद्रे बंद करून टाकली. या केंद्रांवर विसंबलेले रोगी पुन्हा शोधाच्या रांगेत उभे राहिले. नफा आटला की दुकान उठते. रोग मात्र उठून जात नाही.

याच्या उलट दुसरा दाखला पाहावा. जॅक गायगर व काउंट गिब्सन या डॉक्टरांच्या पुढाकाराने १९६५ पासून सरकारी पैशातून लोक-आरोग्य केंद्रे सुरू झाली. मिसिसिपीतील माउंड बायू येथील केंद्राने भुकेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून दिले आणि त्याचा खर्च औषधांच्या खात्यावर टाकला. आज अशी केंद्रे देशभर आहेत. ऐपतीप्रमाणे शुल्क घ्यायचे, पैशांअभावी कुणाला परत पाठवायचे नाही, आणि संचालक मंडळात रोग्यांचेच बहुमत ठेवायचे, हा त्यांचा नियम आहे. कुटुंब-परिचारिका या केंद्रांचा कणा आहे, आणि गरिबाला ती तेथे सापडण्याची खात्री सर्वांत अधिक आहे.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि खेड्यातील, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांच्या हाती आरोग्याचे ज्ञान दिले. भारताच्या २०१७ च्या आरोग्य धोरणाने परिचारिकांना वरच्या शिक्षणाची व अधिकाराची वाट मोकळी करण्याचे म्हटले. २०१८ पासून उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले, आणि त्यांत परिचारिकाही आहेत. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, हा निकष कागदावर आहे. म्हणजे आपल्याकडे तत्त्वतः नागरिकाने शोधायचे नाही, शासनाने पोचायचे आहे. पण ही पदे बहुशः कंत्राटी आहेत. जिची उद्याची नोकरी अनिश्चित, तिने गावाशी वर्षांचे नाते जोडावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून मागणी स्पष्ट हवी: परिचारिकेला शिक्षण, शिक्षणानुरूप अधिकार, अधिकारानुरूप वेतन आणि कायम नेमणूक. कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारावेत. उपकेंद्रात सिस्टर मुक्कामी असते काय? नसेल तर तिला राहण्याजोगी खोली आहे काय? आणि रक्तदाबाच्या गोळ्या या महिन्यात आल्या काय? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत आणि ती घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या दारी जावे. परिचारिका शोधण्याचे काम रोग्याचे नव्हे. ती नेमून तिला टिकवण्याचे काम शासनाचे आहे, आणि शासनाला ते करावयास लावण्याचे काम आपल्या सर्वांचे आहे.