पदवीचे ऋण

(अलिबाग येथे पदवीधर विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)

आपल्यापैकी कित्येकजण पदवी पदरात पडताच पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईला अथवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याला जातील. त्यात गैर काही नाही. होडीच्या डागडुजीसाठी राखलेले पैसे एखादा कोळी बाप मुलाच्या अभ्यासासाठी पाठवतो, तेव्हा त्यामागील आशा हसण्यावारी नेण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र एक प्रश्न विचारलाच पाहिजे : या शिक्षणावर हक्क कोणाचा?

याच जिल्ह्यातील नाते येथे १८९६ साली जन्मलेले, रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजचे पदवीधर झाले आणि १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले. ती परीक्षा तेव्हा केवळ लंडनमध्ये होत असे. म्हणजे सामान्य कुळाच्या मुलाला तिचे दार बंदच होते. हे विसरून त्यांचे नुसते गोडवे गाणे बरे नव्हे. परकीय सत्तेची चाकरी करीत ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढे १९५२ साली कुलाब्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठविले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाविरुद्ध १९५६ साली त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. त्यांच्या पहिल्या क्रमांकापेक्षा मला तो राजीनामा मोठा वाटतो. खुर्ची मिळविण्यास बुद्धी लागते, सोडण्यास निष्ठा लागते.

दुसरे उदाहरण याच अलिबाग तालुक्यातले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. त्या उपाशी माणसांजवळ पदव्या नव्हत्या. परंतु ज्याच्याजवळ त्या होत्या असा एक महापंडित त्यांच्या बाजूने उभा राहिला. डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठाची पीएच. डी. १९२७ साली प्राप्त झाली. त्याच वर्षी ते महाडच्या चवदार तळ्यावर उतरले होते. १९३७ साली त्यांनीच मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. अर्थशास्त्राची विद्या अशा रीतीने कुळाच्या अंगणात आली.

मित्रहो, आज परीक्षेचे दार कायद्याने सर्वांना खुले आहे. पण जागा थोड्या आणि उमेदवार अफाट. म्हणून दोघांनाही सांगणे आहे. जे निवडले जातील त्यांनी ध्यानात ठेवावे : सातबाऱ्यावर आपले नाव का नाही, हे विचारावयास आलेली म्हातारी तुमच्यापुढे हात जोडून उभी राहील. ती याचक नाही. तुमच्या शिक्षणाची ती सावकार आहे. तिला बसावयास खुर्ची द्या, आणि नियम तिच्या भाषेत समजावून सांगा.

ज्यांचे नाव यादीत येणार नाही, त्यांनी स्वतःला वाया गेलेले समजू नये. २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आणि महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा तुम्ही अभ्यासक्रम म्हणून पाठ केलेले आहेत. गावात ते वाचून दाखविणारा, अर्ज लिहून देणारा, ग्रामसभेत उभा राहून हिशेब मागणारा माणूस हवा आहे. त्या कामाला नेमणूकपत्र लागत नाही.

लोकसेवा हे आयोगाच्या नावातील शब्द आहेत. ते खरे करणे अथवा नुसते पाटीवर ठेवणे, हे सर्वस्वी तुमच्या हाती आहे.